नट सोडायचा की तोडायचा?

नागपुरात मेडिकल चौकाजवळच्या एका गल्लीत, कडुनिंबाखाली, १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी चार ठोकळ्यांवर उभी आहे. गाडी सईच्या आजोबांची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, वीस वर्षं मुंबईच्या खाऱ्या हवेत फिरली आणि आजोबा निवृत्त झाल्यावर त्यांच्यासोबत नागपूरला आली. आता तिची मागची डावी कमान बसली आहे. कमान उतरवायची तर यू-बोल्टचे चार नट सुटले पाहिजेत. सई तासभर पहिल्याच नटाशी झटते आहे. चहाचा ग्लास विसळून मिस्त्री काका जवळ येऊन बसतात.

मिस्त्री : काय करून राहिली पोरी?

सई : काका, हा नट इंचभर सोडा, केसभरही हलत नाही. लांब पाईप आहे का? पान्याला लावून ओढते.

मिस्त्री : पाईप हाय ना. पण आधी पाना दाखव. हं, हा डी पाना. नटाला सहा बाजू, हा धरतो दोनच. कोपरे पाय कसे चमकून राहिले. अजून दोन हिसके दिले असते तर नटाचा लाडू झाला असता.

सई : मग रिंग पाना लावू?

मिस्त्री : आपल्याकडचे बहुतेक रिंग पाने बारा कोनांचे. ते नटाला कोपऱ्यापाशी धरतात. नव्या नटाला चालतं. याचे कोपरे गंजानं आधीच खाल्ले. याला सहा कोनांची गोटी पाहिजे, ती कोपरा सोडून सपाट बाजूवर जोर देते. आधी तारेच्या ब्रशनं नट घास, मग गोटी हातोडीनं हलकेच ठोकून बसव. खुळखुळली तं समज, माप चुकलं.

सई : माप कसं चुकेल? नंबर पान्यावरच लिहिलेला असतो की.

मिस्त्री : या गाडीत सहसा नाही चुकणार. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट, तिचा कारभार मिलिमीटरचा. अँबेसेडर आली की खरी परीक्षा. ती मुळात विलायतेची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून मापं इंचात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पोरं १३ चा पाना घालतात, तो बसतोही. पण ०.३ मिलिमीटरची फट राहते, आणि तेवढी फट कोपरे खायला पुरते. त्यात १९९० नंतरच्या अँबेसेडरला इसुझूचं १८०० सीसी इंजिन आलं, ते मिलिमीटरचं. एकाच गाडीत बॉनेटखाली एक पेटी आणि गाडीखाली दुसरी.

सई : आणि तुमच्या पेटीत हे जाडजूड पाने कसले? यावर नुसता डब्ल्यू लिहिलाय.

मिस्त्री : ते विटवर्थचे. जोसेफ विटवर्थ नावाच्या इंग्रजानं १८४१ मध्ये आट्यांची मापं पहिल्यांदा ठरवून दिली. त्याआधी दर कारखान्याचे आटे वेगळे. पण त्या पान्यावरचा आकडा नटाचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. पाव इंच लिहिलेला पाना प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून रुंद. ठाऊक नसलेला माणूस पेटी चुकीची म्हणून परत करतो. आणि जुनी विलीज जीप आली तं डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे. तिथं सोडतो सोडतो म्हणत माणूस कसत बसतो.

सई : इथे तर माप बरोबर आहे, आटेही सरळ आहेत. मग नट का हलत नाही?

मिस्त्री : गंजामुळं. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांत आधीच जागा नाही, त्यात हा फुगून बसला. म्हणजे आतून पाचर ठोकल्यासारखं झालं. तू ओढून राहिली नटाला, पण भांडण हाय पाचरीशी.

सई : मग डब्ल्यूडी-४० मारते. घरी आहे.

मिस्त्री : मार, काही बिघडत नाही. पण त्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. अमेरिकेत १९५३ साली बनवलं, गंज लागू नये म्हणून. लागलेल्या गंजात शिरायला त्याच कामाचं पातळ तेल वेगळं मिळतं. कोणतंही घे, पण घाई करू नको. आत्ता टाक, हातोडीनं नटाच्या बाजूंवर टकटक कर, रात्री पुन्हा टाक. ठोक्यानं गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल त्यातून उतरतं.

सई : गॅसनं तापवलं तर? यूट्यूबवर सगळे तेच करतात.

मिस्त्री : ते औषध जालीम हाय. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिली का कधी?

सई : आजोळी, उमरेडकडे. लोहार लोखंडी कडं लाल करून लाकडी चाकावर बसवायचा, मग पाणी ओतायचा.

मिस्त्री : बस, तेच उलटं कर. कडं तापलं की मोठं होतं. बारा मिलिमीटरचं भोक बोल्टपेक्षा तीनशे अंश जास्त तापवलं तं सुमारे ०.०४ मिलिमीटर वाढतं. केसाच्या जाडीहून कमी, पण गंजाची पकड मोडायला पुष्कळ. म्हणून ज्योत नटावर धरायची, बोल्टवर नाही. मग जरा निवू द्यायचं आणि आट्यांना मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आत ओढलं जातं.

सई : नागपूरच्या मे महिन्यात गाडी उन्हात ठेवली की झालं मग!

मिस्त्री : (हसत) पंचेचाळीस अंशांत नट अन् बोल्ट दोघंही सारखेच तापतात. फरक पडला पाहिजे, तो कुठून पडेल? असो, इथं आपण ज्योत लावणारच नाही. काहून?

सई : पेट्रोलची टाकी मागेच आहे.

मिस्त्री : एक. आणि दुसरं, बाजूला कमानीचे पट्टे हायेत. त्यांना पाणी पाजलेलं असतं. लाल झाले तं ताव उतरतो आणि कमान पुन्हा बसते. जुना नट समोर आला की मी पाना उचलायच्या आधी एक ठरवतो : यातलं काय वाचवायचं, आणि काय गेलं तं चालेल? सायलेन्सरचा पाईप जिथं इंजिनाला जोडतो, तिथं स्टड वाचवायचा. तो आत तुटला तं ड्रिल करा, तुकड्यावर नट वेल्ड करून फिरवा, हजार भानगडी. म्हणून तिथं नट बळी द्यायचा. परत बसवताना पितळी नट लावायचा, तो गंजून चिकटत नाही. इथं कमान आणि अॅक्सल वाचवायचं. यू-बोल्ट तं नवा मिळतो.

सई : म्हणजे तुटला तरी चालेल?

मिस्त्री : चालेल, पण आपण तोडायचा. आपोआप तुटला की हात पत्र्यावर आपटतो आणि बोटं फुटतात. उद्या ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी अॅक्सलखाली वेगळा ठोकळा लावला. सईनं गोटी ठोकून बसवली, लांब दांडा लावला.

मिस्त्री : आधी कस.

सई : कसू? सोडायचाय ना?

मिस्त्री : इवलासा. गंजाची पकड कोणत्याही दिशेनं मोडली तरी मोडलीच. मग सोड. हिसका नाही, एकसारखा जोर. कट्ट आवाज आला तं जिंकलो. आवाज न येता दांडा रबरासारखा मऊ लागला तं थांब, बोल्ट पिळवटून राहिला.

पहिला नट कट्ट करून सुटला. अर्धा आटा पुढे, पाव मागे, पुन्हा तेल, असं करत हातात आला. दुसरा आणि तिसरा त्याच वाटेनं आले. चौथ्याला दांडा लावला तसा तो गोटीत सरकला. कोपरे शिल्लकच नव्हते.

मिस्त्री : आता? ग्रिप प्लायर देऊ?

सई : नको. यात वाचवायचं काहीच नाही. छिन्नी द्या. कमानीच्या पट्ट्यावर घाव बसू नये म्हणून मध्ये पत्रा धरते.

पाच-सहा घावांत नट एका बाजूनं उकलला. मिस्त्रींनी हात लावला नाही, नुसतं पाहत होते. सईनं उतरलेला यू-बोल्ट चिंधीनं पुसला आणि पिशवीत टाकला.

सई : लोहा ओळीत जाऊन येते, इतवारीत. नवे दोन आणते.

मिस्त्री : हा जुना काहून नेऊन राहिली? पद्मिनीचा सांगितलं की देतात.

सई : देतात काका, पण आटा कोणता देतात ते दुकानातच नट फिरवून पाहीन.