ब्युरेट भरली की फनेल काढ

पोरी, सायन्सला गेलीस, फार बरं वाटलं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, प्रत्येकी ७० गुण लेखीचे आणि ३० प्रॅक्टिकलचे. लेखीचं ट्यूशनवाले बघून घेतील. प्रॅक्टिकल मात्र हातात बसावं लागतं. जठारपेठेतून कॉलेजला निघताना एवढं ध्यानात ठेव.

ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणानं भरायची, त्याच द्रावणानं आधी खळबळून घे. कोनिकल फ्लास्क मात्र नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं धू. त्यात द्रावण चिकटून राहिलं, तर पिपेटनं मोजून घातलेले १० मिली हे १० मिली राहत नाहीत.

ब्युरेट भरली की फनेल काढ. अकरावीत माझी तशीच राहून गेली होती. तिच्यातून थेंब ओघळत राहिले आणि तीन रीडिंगं तीन तऱ्हेची आली. शेजारणीचा सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) बघून मी वहीत माझा जुळवून टाकला. ती लाज अजून गेली नाही. तू चुकलीस तर आकड्यावर सरळ एक रेघ मार, बाजूला कारण लिही आणि पुन्हा कर. खोडरबर जर्नलजवळ नकोच.

परमँगनेट इतकं गडद असतं की तळची कड दिसत नाही. त्याची वरची कड वाच, डोळा त्याच पातळीत ठेवून. ऑक्झॅलिक ॲसिड ६०-७० अंशांपर्यंत तापव. पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, घाबरू नको. रिॲक्शनमध्ये तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढे तिला वेग देतात. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांब.

फिजिक्सला लंबकाचं एकच दोलन मोजू नको. वीस मोज आणि विसानं भाग. स्टॉपवॉच दाबताना बोटाची झालेली चूक मग विसांत वाटली जाते. स्क्रू गेज हातात घेतलास की सगळ्यात आधी शून्याची चूक बघ.

आणि सुटीत पूर्णेकाठच्या गावी गेलीस की विहिरीच्या पाण्याची बाटली भरून आण. आपला तो खारपाणपट्टा. सरांना विचारून तीन टेस्ट ट्यूब लाव: एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत काटेपूर्णा धरणातून येणारं नळाचं पाणी, तिसरीत विहिरीचं. प्रत्येकीत थोडं पातळ नायट्रिक ॲसिड, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. डिस्टिल्ड तसंच नितळ राहील. बाकीच्या दोन किती दुधाळ होतात, ते दिसेल तसंच लिही. सॉल्टच्या परीक्षेत नळाच्या पाण्यानं धुतलेली ट्यूब क्लोराइड असल्याचं खोटंच का सांगते, तेही तिथंच उमजेल.

सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागू देऊ नकोस. काळे डाग पडतात, ते कितीही घासले तरी चार दिवस जात नाहीत.