फ्लेक्सवर काय लिहायचं

उमरखेड, जि. यवतमाळ

चिरंजीव बाळ यास,


आबांच्या पुण्यानुमोदनासाठी तू चाकणहून पाठवलेला फ्लेक्सचा नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला. मेहनत घेतली आहेस, दिसतं. पण तो तसाच छापायला देऊ नकोस. मागं रणगाडा, वर ‘रणझुंजार’, खाली ‘बांगलादेश मुक्तिसंग्रामातील वीर’. तुझे आबा रणगाड्यात कधी बसले नाहीत आणि बांगलादेशच्या बाजूला कधी गेले नाहीत. नव्वदी पार केलेल्या माणसाला उसन्या पराक्रमाची गरज नसते. त्यांनी केलं ते भरपूर आहे. ते शोधून लिहावं लागेल आणि ते काम तुझं आहे, कारण घरात यंत्राची भाषा कळणारा आता तूच उरलास.

सुरुवात पेटीतल्या पदकांपासून कर. पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते भिंग घेऊन वाच. पासष्टच्या लढाईच्या वेळी फौजेत असलेल्यांना रक्षा पदक मिळालं, समर सेवा स्टार मात्र प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांनाच. एकाहत्तरचंही तसंच आहे: संग्राम पदक सगळ्यांचं, पश्चिमी स्टार पश्चिम आघाडीवरच्यांचा, पूर्वी स्टार पूर्वेकडच्यांचा. माझ्या बाबांच्या, म्हणजे तुझ्या आबांच्या, पट्टीवर रक्षा, संग्राम आणि पश्चिमी स्टार आहेत. समर सेवा स्टार नाही, पूर्वी स्टारही नाही. म्हणजे पासष्टला ते मागं होते आणि एकाहत्तरला पश्चिम सीमेवर. सरकारनं धातूत लिहून दिलेलं आपण फ्लेक्सवर बदलायचं नाही. डिस्चार्ज बुकाची पानं सुटली आहेत, त्यांचे आधी नीट फोटो काढ. आणि यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन ये. सागर इथल्या महार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज कसा करायचा, ते तिथं विचार.

रेजिमेंटबद्दल मात्र दोन ओळी हव्यातच. पहिल्या महायुद्धात उभी केलेली 111 महार ही पलटण इंग्रजांनी 1921 मध्ये मोडून टाकली होती. 1941 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि पुन्हा पलटण उभी करावी म्हणून त्यांनी जोर लावला. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात पहिली पलटण उभी राहिली, दुसरी आपल्या कामठीत. 1946 मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली, म्हणून टोपीच्या बिल्ल्यावर दोन विकर्स गन एकमेकींवर आडव्या आहेत.

ही विकर्स गन बाबांची शाळा होती. गावात चौथीपर्यंत शिकलेला पोरगा पन्नासच्या दशकात भरती झाला तेव्हा त्यानं मोटेशिवाय दुसरं यंत्र हाताळलेलं नव्हतं. या गनच्या नळीभोवती पाण्याचं वेष्टण असतं, पट्ट्यात 250 गोळ्या. चालता चालता ती अडली, की बाजूचं हँडल कुठल्या जागी येऊन थांबलं ते आधी बघायचं, त्यावरून बिघाड कुठं असणार ते ठरतं. मगच हात लावायचा. बाबांना मेकॅनिकचं कुठलंही सर्टिफिकेट नव्हतं. फौजेनं त्यांना मेकॅनिक केलं नाही, गन चालवायला शिकवली. बाकीचं त्यांनी वर्कशॉपच्या दारात उभं राहून, बघून आणि विचारून उचललं. पण ‘कुठं थांबलं ते आधी बघ’ ही रीत त्यांनी पुढं जन्मभर वापरली.

मी स्वतः पाहिलंय. विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं, की निरोप यायचा. बाबा गेल्यावर पाना काढत नसत. शेवटी धूर कसला आला होता, हे विचारत. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, फिल्टर आणि नोझल बघा. निळा म्हणजे ऑइल वर चढतंय, रिंगा गेल्या. पांढरा म्हणजे पाणी शिरलंय नाहीतर डिझेल न पेटताच बाहेर पडतंय. मग हातानं फ्लायव्हील फिरवून दाब कसा लागतो ते बघायचे. एवढं झालं, की पोतं अंथरायचं आणि उघडलेला प्रत्येक भाग त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडं मांडायचा. व्हॉल्व्हला पेस्ट लावून घासत बसायचं काम माझं. मुलीच्या हाताला काळं लागतं म्हणून आई रागवायची, बाबा ऐकत नसत.

तू चाकणला यंत्राला वायर जोडून स्क्रीनवर दोषाचा आकडा वाचतोस. तो आकडा जरूर वाच. पण तो वाचून लगेच भाग बदलायला धावू नकोस. यंत्र बंद पडताना तिथं जो कामगार उभा होता, त्याला आधी विचार. बाबांची निम्मी दुरुस्ती विचारण्यातच होत असे.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून घे. मालक बाजूला उभा राहून बघणार नसेल, तर ते इंजिनाला हात लावत नसत. मालकाच्या पोराला कंदील धरायला लावायचे आणि डिझेलच्या नळीतली हवा त्याच्याकडूनच काढून घ्यायचे. पुढच्या वेळी निरोप येऊ नये, हा हेतू. पैशाचं नुकसान होतं हे त्यांना कळत होतं, कारण आई ते रोज सांगायची. मूळ कारण काय, ते तुझ्या पिढीला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. ज्या ओट्यावर त्यांच्या वडिलांना कधी बसू दिलं नव्हतं, त्या ओट्यावरून त्यांना ‘फौजी, जरा या हो’ अशी हाक येत होती. अडलेल्या माणसानं मारलेल्या हाकेवर त्यांचा भरवसा नव्हता. त्या घरच्या पोरानं आपल्याशेजारी बसून, आपल्याच हातचा पाना घेऊन शिकावं, यावर होता. काही घरांनी पोरगा पाठवला नाही. तिथलं इंजिन बाबांनी उघडलं नाही. हेही लिही. ते तापट होते, शिकवताना टपली मारायचे, तेही लिही. मऊ करून लिहिलेला माणूस आपला राहत नाही.

असे कंदील धरणारे आज साठीचे झाले असतील. मुळाव्याकडं आहेत, विडूळला आहेत, ढाणकीच्या पुढं बंदीभागातल्या तांड्यांवर आहेत. बाबांचं खरं डिस्चार्ज बुक त्यांच्याकडं आहे. एक वही घेऊन त्यांच्याकडं जा. ‘आबा कसे होते’ असं विचारलंस तर सगळे ‘देवमाणूस’ म्हणतील आणि तुझ्या हाती काही लागणार नाही. ‘इंजिन कुठलं होतं, काय बिघडलं होतं, तुला काय करायला लावलं’ असं विचार. हातानं केलेलं काम माणूस विसरत नाही.

एवढा आग्रह का, तर हातपंपाची गोष्ट तुला सांगायची आहे. इंडिया मार्क-टू तू गावोगाव पाहिलास, लहानपणी त्याचाच दांडा उपसलास. 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं तो तयार झाला आणि पुढं जगातल्या कितीतरी देशांत गेला. त्याचा पाया होता आपल्याकडचा सोलापूर पंप, त्या काळी टिकाऊ ठरलेला. तो कुणी घडवला? मी जिथं वाचलं तिथं ‘एक स्वयंशिक्षित भारतीय मेकॅनिक’ एवढंच होतं. लाखो घरांत पाणी पोचलं आणि माणसाची ओळख चार शब्दांत उरकली. भाताचंही तसंच झालं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे होते. दीड एकराचे शेतकरी, शाळा तिसरीपर्यंत. 1983 मध्ये शेतात वेगळ्या दिसलेल्या ओंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडल्या, त्यातून एचएमटी भात आला. 1998 मध्ये कृषी विद्यापीठानं आपली आद्याक्षरं लावून पीकेव्ही-एचएमटी नावाचा वाण बाहेर काढला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं दादाजींचा सन्मान केला तो 2005 मध्ये. तोवर तो भात किती ताटांत पडला होता आणि किती जेवणाऱ्यांना त्यांचं नाव ठाऊक होतं? 2018 मध्ये ते गेले. मला या गोष्टीचा राग येतो, अजून येतो. बाबांनी कुठला पंप शोधला नाही, कुठला वाण काढला नाही. त्यांनी फक्त दुसऱ्यांची यंत्रं चालू ठेवली, चाळीसएक वर्षं. अशा कामाला तर एवढीही ओळख मिळत नाही. ती घरच्यांनी लिहिली तरच राहते.

आता हत्यारांचं. तुझ्या वडिलांनी पेटी भंगारात द्यायची गोष्ट काढली होती, मी थांबवलं आहे. काचेच्या कपाटातही ठेवायची नाही. फीलर गेज, व्हॉल्व्ह उचलायचा पाना आणि बाबांनी जुन्या स्प्रिंगपासून घडवलेले तीन पुलर तू ने. ते पुलर कशासाठी बनवले, हे मला दोघांचंच ठाऊक आहे. तिसऱ्याचं विडूळला विचार. उरलेले पाने आपल्या वस्तीत मोटर रिवाइंडिंग करणारा पोरगा आहे, त्याला दे. त्याच्याकडं चांगला सेट नाही.

फ्लेक्सवर फोटो त्यांचा बंडीतलाच घे, गणवेशातला नको. मजकूर असा टाक: नाव, महार रेजिमेंट, पश्चिमी स्टार 1971. त्याखाली ‘यांनी चालू केलेली इंजिनं’ आणि मग तुझ्या वहीतली गावांची नावं, जितकी मावतील तितकी. तांड्यांची नावं गाळू नकोस. मावली नाहीत तर फोटो लहान कर.

सुटी चार दिवस आधीची टाक, कारण बंदीभागातली माणसं दुपारी घरी भेटत नाहीत, पहाटेच निघावं लागेल. गाडीत डिझेल उमरखेडलाच भर.

तुझी,
आत्या