घरचा अँप्लिफायर, माईक आणि ती तिसरी पिन



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "हळदीकुंकवाला आमच्या घरचाच अँप्लिफायर लावला तर चालेल ना? मांडववाल्याचे भाड्याचे पैसे तेवढेच वाचतील." मला पटकन हो म्हणता आलं नाही. कारण दोन वर्षांपूर्वी आमचा गटही असेच पैसे वाचवायला गेला होता. आधी ते सांगते.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, गटातल्याच एका सखीच्या अंगणात. सकाळीच सडा-रांगोळी झालेली, त्यामुळे जमीन ओलसर. त्यांच्या मुलाने तालुक्याच्या बाजारातून जुळवून आणलेला अँप्लिफायर आम्ही बाहेर टेबलावर मांडला. योजनांची माहिती दाखवायला लॅपटॉप आणला होता. त्याचा चार्जर घरातल्या बोर्डात आणि अँप्लिफायर ओट्यावरच्या बोर्डात. दोन्ही जोडल्याबरोबर स्पीकरमधून सारखी 'घूं घूं' सुरू. मदतीला आलेल्या एका मुलाने अँप्लिफायरची पिन उघडली आणि आतली हिरवी वायर काढून टाकली. घरघर बंद! आम्ही त्याचं कौतुक केलं, तिळगूळ दिला.

माहिती दाखवून झाली, लॅपटॉप काढला, टेबल जरा बाजूला सरकवलं. गटाच्या अध्यक्षताई बोलायला उठल्या. पाय अनवाणी, एका हातात माईक, दुसरा हात मांडवाच्या लोखंडी पाईपला. दोन शब्द बोलल्या आणि गप्प झाल्या. आम्हाला वाटलं, पुढचं आठवत नसेल. काहीजणी हसल्यासुद्धा. माईकवरची मूठ आवळलेली आणि डोळे एका जागी थांबलेले, हे आधी दिसलं ते घरातल्या म्हाताऱ्या आजींना. मी ताईंचा हात धरायला धावलेच होते, तेवढ्यात आजींनी आत जाऊन मेन स्विच पाडला. ताई खाली कोसळल्या. वाचल्या. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. तळहातावरचा डाग अजून आहे.

आजी दोन क्षण उशिरा उठल्या असत्या, तर कदाचित दोघी गेलो असतो. म्हणून हा विषय आज नीट समजून घेऊ.

माईकमधून करंट आला कसा?

नंतर वायरमनने अँप्लिफायर उघडला तेव्हा आत उंदराने कुरतडलेली वायर निघाली. टेबल हलवल्यावर तिचं उघडं तांबं आतल्या पत्र्याला टेकलं आणि अख्ख्या पेटीत 230 व्होल्ट उतरले. आता माईकच्या वायरीचं बघा. तिच्यात मधल्या तारेभोवती बारीक तारांची जाळी असते आणि ती अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेली असते. माईकची लोखंडी बॉडी त्याच जाळीला जोडलेली. म्हणजे तुम्ही दहा हात लांब उभ्या असा, हातात लोखंडी माईक धरलात की अँप्लिफायरच्या पेटीवरच हात ठेवल्यासारखं झालं. पेटीत करंट असेल तर तो माईकमध्ये येणारच.

मग ती काढून टाकलेली हिरवी वायर कशासाठी होती? तीन पिनांमधल्या दोन वस्तू चालवायला लागतात, फेज आणि न्यूट्रल. तिसरी, जाड आणि लांब असलेली, ती अर्थिंगची. ती पेटीच्या पत्र्याला जोडलेली असते आणि तिथून वायरीने घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाते. फेज चुकून पत्र्याला टेकली तर करंट त्या वाटेने जमिनीत पळतो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. ही पिन मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे खोवताना ती सगळ्यांत आधी जुळावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. ही वाट आपण कापली की करंटला दुसरी वाट हवी. ओल्या जमिनीवर अनवाणी उभी असलेली, लोखंडी पाईप धरलेली बाई ही त्याला आयती वाट.

लॅपटॉप जोडलेला होता तोवर त्याच्या वायरीतून अँप्लिफायरला थोडीफार अर्थिंग मिळत होती. तो काढला आणि तीही गेली. म्हणून पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. "आत्तापर्यंत तर चाललं की" या बोलण्यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

किती करंट माणसाला धोक्याचा? घरातला 9 वॉटचा एलईडी बल्ब साधारण 40 मिलिअँपिअर करंट घेतो. तेवढाच करंट छातीतून काही वेळ गेला तर हृदय बंद पडू शकतं. त्याच्याही खूप आधी स्नायू आवळतात, हातातली वस्तू सोडता येत नाही, ओरडताही येत नाही. ताई गप्प झाल्या त्या यामुळेच.

घरघर आली तर काय करायचं?

अर्थिंगची वायर काढून टाकणारे बहुतेक लोक वाईट हेतूने काढत नाहीत. घरघर जाते, म्हणून काढतात. ही घरघर बऱ्याचदा दोन वस्तू वेगवेगळ्या बोर्डांवर लावल्या, की दोन्हीकडच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या बारीक करंटमुळे येते. तेव्हा आधी दोन्ही वस्तू एकाच बोर्डावर लावून बघा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढा. आवाजाची वायर आणि लाईटची वायर एकमेकींना गुंडाळलेल्या असतील तर लांब करा. आवाजाची वायर बदलून बघा, त्या सैल झालेल्या असतात. एवढं करूनही राहिली तर घरघरीसकट कार्यक्रम करा.

तीन पिनेचं दोन पिनेत बदलणारं प्लास्टिकचं कनव्हर्टर बाजारात मिळतं. तेही हिरवी वायर कापण्यासारखंच. आणि पिन तोडून उघड्या तारा सॉकेटात काडीने खोवणं, हे आपल्या कुठल्याच सखीच्या घरी दिसू नये.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या अँप्लिफायरला मुळातच दोन पिना आहेत. मग त्याच्या मागची पट्टी वाचा. मोठ्या चौकोनात छोटा चौकोन अशी खूण असेल, तर कंपनीने तो दुहेरी आवरणाचा बनवलेला आहे, त्याला तिसरी पिन लागत नाही. मात्र बाजारात जुळवून मिळणारे, 4440 आयसीचे वगैरे पत्र्याच्या पेटीतले अँप्लिफायर येतात, त्यांना बऱ्याचदा दोन पिनाच असतात आणि ही खूणही नसते. आत व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर असला तरी त्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत 230 व्होल्टच येतात. असा अँप्लिफायर वायरमनकडे नेऊन तीन तारांची वायर बसवून घ्या, हिरवी तार पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळायला सांगा.

आणि घराची अर्थिंग? बोर्डाला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. कित्येक घरांत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमनकडून तपासून घ्या, हे काम स्वतः करू नका. त्याच फेरीत मेन बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेता आला तर जरूर घ्या. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, तो माणसाला वाचवेलच असं नाही. आरसीसीबी गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा हिशेब ठेवतो, आपल्या गटाच्या रोखवहीसारखा. हिशेब जुळला नाही, म्हणजे करंट भलतीकडे चालला, की डोळा लवायच्या आत लाईट बंद करतो. त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्याच्या बैठकीच्या दिवशी ते एकदा दाबायचं असं ठरवा. दाबल्यावर लाईट गेली म्हणजे ठीक. नाही गेली तर लगेच वायरमनला बोलवा.

पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर "एवढं चालतंच" म्हणू नका. ती साधी गळती आहे की वायर टेकली आहे, हे बोटाला कळत नाही. बोर्डाचं बटण बंद करा, पिन काढा, दाखवून आणा. टेस्टर पेटला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका.

रोजच्या वापरातलं

अँप्लिफायर गरम होतो, त्याला वारा लागतो. आपल्याकडे त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी, शेजारी समई. हे सगळं उचला. चारी बाजूंनी आणि वर चार-चार बोटं जागा मोकळी हवी. पाण्याचा तांब्या, हळदीकुंकवाचं ताट, उदबत्ती, काहीच वर नको. रात्री वापर नसेल तर नुसतं रिमोटने बंद करू नका, बोर्डाचं बटण बंद करून पिन काढा. वीज कडकडत असेल तर पिन आधीच काढलेली बरी. उंदीर फार असतील तर पेटी भिंतीच्या फळीवर ठेवा आणि महिन्यातून एकदा मागची वायर डोळ्यांनी बघा.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून फ्यूज केलेला मी स्वतः पाहिलाय, त्या घरात वायर जळाली. पेटी मात्र उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट काही वेळ साठून राहतो.

स्पीकर जोडताना अँप्लिफायर बंद हवा. लाल तारेचा एखादा बारीक केस काळ्या तारेला टेकला तरी अँप्लिफायर जळू शकतो, म्हणून टोकं पिळून घट्ट बसवा. मागे किती ओहम लिहिलंय ते वाचा, समजा 4 ते 8. मग 8 ओहमचे दोन स्पीकर एकाच जागी शेजारी-शेजारी जोडले की 4 ओहम होतात. तिथवर ठीक. चार जोडले की 2, आणि तिथे अँप्लिफायर तापून मरतो. "अजून दोन बॉक्स लावू, पलीकडच्या आळीपर्यंत आवाज जाईल" असं कोणी म्हणालं तर हा हिशेब करा.

सुरू करताना आवाजाचं बटण शून्यावर, आधी मोबाईल-माईक जोडायचा, अँप्लिफायर शेवटी सुरू करायचा. बंद करताना उलट, अँप्लिफायर आधी. आवाज फाटायला लागला की बटण मागे घ्या, तो फाटका आवाज स्पीकर जाळतो. माईक शिट्टी मारत असेल तर माईक धरणारी बाई स्पीकरच्या समोर उभी आहे, तिला स्पीकरच्या मागे घ्या. तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं बॉक्सजवळ बसवू नका. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनी बंदी आहे, आणि इतर वेळीही परवानगी लागते. गटाच्या नावावर तक्रार नको.

अंगणात कार्यक्रम असेल तर

मूळ प्रश्न हाच होता. माझं मत असं, की घरचा अँप्लिफायर घरातच राहू द्या. तो कोरड्या खोलीसाठी असतो. सडा टाकलेल्या अंगणासाठी नाही. बाहेरच्या कार्यक्रमाला बॅटरीचा ट्रॉली स्पीकर आणि बिनवायरीचा माईक वापरा. आदल्या रात्री घरात चार्ज करायचा, चार्जर काढायचा आणि मग बाहेर न्यायचा. वायर नाही, बोर्ड नाही. चार गटांनी मिळून एक घेतला तर कुणावरच भार येत नाही. चार्जिंगला लावून ठेवूनच वायरीच्या माईकवर बोलायचं मात्र नाही, नाहीतर पुन्हा तेच.

अगदी घरचाच लावावा लागला तर तीन पिनांचा, तपासलेल्या अर्थिंगच्या बोर्डावर लावा. पेटी आत कोरड्यात, फक्त स्पीकर बाहेर. माईक बिनवायरीचा. बोलणारीच्या पायात कोरडी चप्पल. देवाधर्माचा कार्यक्रम असेल तर पायाखाली कोरडी लाकडी फळी किंवा जाड सतरंजी टाका.

आणि मेन स्विच कुठे आहे, ते कार्यक्रमाआधी दोन बायकांना दाखवून ठेवा. कुणाला शॉक बसला तर तिला हात लावायचा नाही, आधी मेन पाडायचा. ते जमलंच नाही तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर किंवा माईक दूर ढकलायचा. मग 108 ला फोन. ती श्वास घेत नसेल आणि हाक मारल्यावर हलत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, गाडी येईपर्यंत, दमलं की दुसरीने घ्यायचं. शुद्धीवर आली, चालायला लागली, तरी दवाखान्यात न्यायचंच. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

तो अँप्लिफायर अजून त्या सखीच्या घरी आहे. नवी वायर, तीन पिना, भिंतीवर फळी. रोज सकाळी त्यावर अभंग लागतात. आजींनी त्याच्यावरचा रुमाल काढून घेतला, तो आता चपात्यांच्या डब्यात असतो.