फुलपाखरांसाठी बाग

झेंडू, एक्झोरा लावला की बागेत फुलपाखरे येतात. पण ती मध पिऊन निघून जातात. ती तेथे नांदावीत असे वाटत असेल, तर प्रथम सुरवंटाच्या अन्नाचा विचार करावा, असे मी म्हणेन. मादी अंडी घालते ती पिलांच्या खाण्याचे झाड पाहून. लिंबावरील फुलपाखराला लिंबू किंवा कढीलिंब लागतो, तर ‘प्लेन टायगर’ला रुई. आपण मात्र रुई रान म्हणून उपटतो आणि कढीलिंबाची पाने कुरतडलेली दिसताच औषध फवारतो. २०१५ साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याचाही सुरवंट लिंबाच्या कुळातील झाडांवरच पोसतो. हा मान खरा करावयाचा, तर चार पाने त्याच्यासाठी सोडलीच पाहिजेत.