जुन्या जीपमधला दिवा
भारतात विलिज जीपची जुळणी महिंद्राने १९४७ साली सुरू केली. तिच्याच घराण्यातली काकांची जुनी जीप अळणावरहून दांडेलीच्या रस्त्याने अजून धावते. एका पावसाळी रात्री आजीला धाप लागली, पण जीपमधल्या मिणमिणत्या दिव्यात गोळीचे नाव काही वाचवेना.

मी पडलो वाणिज्य शाखेचा! वाटले, ५ ऐवजी १० वॉटचा बल्ब लावू. परंतु १२ व्होल्टवर प्रवाह ०.४ वरून ०.८ अँपिअर होतो आणि उष्णतेने प्लॅस्टिकचे झाकण वितळू शकते. बॅटरीची ऋण तार सोडून दिवा उतरवला. खरा दोष अर्थिंगच्या स्क्रूखालच्या गंजात होता. गंजाने रोध वाढतो, बल्बला व्होल्टेज कमी मिळते. जागा पॉलिश पेपरने घासली, स्क्रू आवळला.

नंतर १ वॉटचा एलईडी लावला. तो पेटेना, धन-ऋण उलटे! फिरवून बसवला. गोळ्यांची पुडी आजीनेच वाचून दाखवली.