माळावरचं सीताफळ कुणी लावलं?

प्रश्न : माझं माहेर मुखेड तालुक्यातलं. लहानपणी घट बसले की आम्ही भावंडं पाटी घेऊन गावामागच्या माळावर सीताफळं हुडकायला जायचो. त्या माळाला ना कुंपण होतं, ना विहीर, ना राखण. आता लातूरला राहते. इथं शेजारच्या काकांनी अंगणात एक सीताफळ लावलंय. रोज बादलीनं पाणी घालतात, तरी ते कुढतंय. मग माळावरची ती शेकडो झाडं कुणी लावली आणि कुणी जगवली? यंदा दसऱ्याच्या सुट्टीत लेकरांना तिकडं न्यायचं मनात आहे. आणखी काय मिळेल आणि कशाला हात लावू द्यायचा नाही, तेही सांगा.
– एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ताई, ती झाडं शेळ्यांनी जगवली. त्यांनी केलं काहीच नाही, फक्त तोंड लावलं नाही. माळावर जे हिरवं दिसेल ते शेळी ओरबाडते. बोरीचा काटा, बाभळीची शेंग, हिवराचा पाला, काही म्हणून सोडत नाही. सीताफळाचं पान मात्र हुंगते आणि पुढं जाते. पान चुरगाळून नाकाशी धरून बघा, कारण तिथल्या तिथं कळेल. वास उग्र, डोकं उठवणारा. या झाडाच्या पानांत, सालीत आणि बियांत किडीला मारणारी द्रव्यं असतात, त्यांना ॲसिटोजेनिन म्हणतात. आपले शेतकरी दशपर्णी अर्काच्या पिंपात कडुनिंब, करंज, निरगुडीबरोबर सीताफळाचा पाला टाकतात तो याचसाठी.

आता तुमच्या माळाकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहा. घटाला माळ घालायला जिथून तरवडाची पिवळी फुलं आणायचात, तोच हा माळ असणार. तरवडालाही गुरं तोंड लावत नाहीत. घाणेरीला नाही, रुईला नाही. कधीकाळी या डोंगरउतारांवर धावडा, खैर, टेंभुर्णी अशी झाडी होती. ती सरपणाला गेली, नवे फुटवे चराईत गेले आणि गुरांनी नाकारलेलं तेवढं उरलं. म्हणजे सीताफळांनी भरलेला माळ दिसला की ‘वा, काय जंगल आहे!’ असं म्हणण्यात अर्थ नाही. तो खाऊन झालेल्या जंगलाचा उरलेला घास आहे. सुदैवानं गोड निघाला, इतकंच.

बी पेरणारे मात्र निराळे. एका रानटी फळात तीस-चाळीस बिया सहज निघतात आणि त्यांचं कवच असं कठीण की पोटातून गेली तरी बी शाबूत राहते. झाडावरच फुटलेल्या फळावर पाखरं तुटून पडतात, खारी येतात, वानरं तर अर्धं खाऊन अर्धं फेकतात. आणि तुम्ही भावंडं? खडकावर बसून कोण लांब थुंकतो याची पैज लावली नसेल तर तुमचं माहेर मुखेडचं नव्हेच. त्या माळावरची चार-दोन झाडं तुमच्या नावावर असायला हरकत नाही.

राहिली पाण्याची गोष्ट. सीताफळ उन्हाळ्यात पानं गाळून मोकळं होतं आणि पावसाची वाट पाहत बसतं. मृगाचा पाऊस झाला की पालवीबरोबर हिरवट-पांढरी, तीन जाड पाकळ्यांची फुलं खाली मान घालून लोंबू लागतात. प्रत्येक फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, त्यामुळं स्वतःचे पराग स्वतःच्या कामी येत नाहीत. ते काम बारीक भुंगेरे करतात. हवेत ओलावा नसेल तर तेही साधत नाही, म्हणून शंभर फुलांत फळ धरणारी बोटांवर मोजण्याइतकीच. पेरणीनंतर पावसानं लांबलचक ताण दिला तर त्या साली दसऱ्याला पाट्या रिकाम्या राहतात. फळावरचा एकेक डोळा म्हणजे फुलातला एकेक स्त्रीकेसर. ज्याला पराग मिळाला तो फुगतो, ज्याला मिळाला नाही तो दबून राहतो. वाकडंतिकडं सीताफळ दिसलं की समजावं, भुंगेरा एका बाजूनंच फिरला.

काकांना सांगा, बादली आवरा. या झाडाला हवा मुरूम, म्हणजे पाणी आलं आणि निघून गेलं अशी जागा. लातूरच्या काळ्या मातीत रोज पाणी घातलं तर मुळ्या कुजतील. बुडाला मुरमाचा उंचवटा करावा आणि पाऊस संपला की झाडाला त्याच्या स्वभावावर सोडावं.

हे झाड आपलं की परकं, हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहूतच्या प्राचीन बौद्ध स्तूपावरच्या शिल्पांत सीताफळ दिसलं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्याचं मूळ घर अमेरिका खंडातला उष्ण प्रदेश मानतात. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ते इकडं पोचलं, असं सर्वसाधारण मत आहे. ते काही असो, आपण त्याला सीतेचं नाव दिलं, चैत्राच्या सुमारास पिकणाऱ्या भावंडाला रामाचं दिलं आणि काटेरी सालीच्या तिसऱ्याला लक्ष्मणाचं. वनवास घरचाच वाटावा असं करून टाकलं. गंमत म्हणजे दिल्लीकडं भाजीवाल्याला सीताफळ मागितलं तर तो लाल भोपळा कापून देतो. तिकडं आपल्या फळाला शरीफा म्हणतात. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाची राजधानी हैदराबाद, आणि त्याला लागून असलेल्या सिकंदराबादेत सीताफळमंडी नावाची अख्खी वस्ती आहे, रेल्वे स्टेशनसुद्धा. बाळानगर ही बागांमधली प्रसिद्ध जातही तेलंगणातलीच.

आपली बाजूही कमी नाही. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लातूरहून फार लांब नसलेल्या अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. धारूर-6 ही जात तिथली. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेली गोल्डन जात तर हल्ली बाजारात सगळ्यांच्या पुढं आहे. फळ मोठं, बिया कमी, टिकतं जास्त दिवस. मला विचाराल तर पुण्या-मुंबईला पेटी पाठवायला ती उत्तम, पण बोटं चाटत खायला माळावरचंच. त्यात गर थोडा आणि बिया भारंभार, पण त्याची रवाळ गोडी बागेत येत नाही.

तर यंदाचं. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत हा हंगाम. फळ कधी तोडावं याची खूण तुम्हाला आठवत असेलच, पण लेकरांसाठी लिहितो. डोळे उघडले पाहिजेत. म्हणजे फळावरच्या खवल्यांमधल्या फटी रुंद होतात आणि हिरव्याच्या जागी पिवळसर-पांढऱ्या दिसू लागतात. असं फळ तोडून गव्हाच्या भुशात नाहीतर कडब्याच्या पाल्यात अढी घालावी, तीन-चार दिवसांत मऊ होतं. डोळे मिटलेलं फळ कितीही दिवस झाका, ते पिकत नाही, काळं पडतं. मी सातवीत असताना दुसऱ्या टोळीच्या आधी माळ गाठायचा म्हणून पितृपक्षातच पोतंभर मिटल्या डोळ्यांची फळं आणून आजीच्या कणगीत दडवली होती. आठ दिवसांनी दगड निघाले, काळे कुळकुळीत. आजीनं ते मला म्हशीच्या गोठ्यामागं स्वतः नेऊन टाकायला लावले. म्हशीनंही वळून पाहिलं नाही.

डोळ्यांच्या फटीत पांढरं कापसासारखं दिसलं तर ती बुरशी नव्हे, पिठ्या ढेकूण आहे. पाण्याखाली जुन्या ब्रशानं घासून काढा, आतला गर चांगला असतो. हिरवी फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीनं साल काळी पडते आणि पिकणं थांबतं. बासुंदीत घालायचं तर दूध आटवून पूर्ण गार झाल्यावरच गर मिसळा. हा गर तापवला की कडू होतो, त्यामुळं सीताफळाचा मुरंबा कुणाच्या घरी दिसत नाही.

आणखी काय मिळेल? मुखेड-कंधारकडं आवळा तुरळक, पण किनवट-माहूरच्या जंगलात बऱ्यापैकी. कार्तिकात आवळी भोजनाच्या सुमाराला तो भरतो. बोरं दसऱ्याला हिरवीच असतात, ती दिवाळीनंतरची. बिब्ब्याची फुलं हे थंडीतलं काम, आणि बिब्ब्याचं तेल अंगावर उतलं की फोड येतात, तेव्हा ते जाणत्यांवर सोडलेलं बरं. बांधावर पापुद्र्याच्या पिशवीत गुंडाळलेली चिरबोटी मिळेल. पिशवी वाळून फळ पिवळं झालं असेल तरच खायची, हिरवी नको.

आणि शेंदाड. हे नाव काढलं की जीव हळहळतो. ज्वारी-कापसाच्या ओळींतून त्याचा वेल आपोआप पसरायचा. कोवळं असताना कडू, पिकलं की पट्ट्यापट्ट्यांचं, उकलणारं आणि आंबटगोड. बोटानं दाबलं तरी फुटायचं, त्यावरूनच वरून रुबाबदार पण आतून भित्र्या माणसाला शेंदाडशिपाई म्हणतात. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, खुरपणीच्या जागी तणनाशक आलं आणि शेंदाडाचा वेल तणात जमा झाला. खुरपणाऱ्या बाया वेल ओळखून बाजूला ठेवायच्या. फवारणीच्या पंपाला ती ओळख नाही. शेळीच्या दाढेतून सीताफळ सुटलं, पण शेंदाड फवाऱ्यातून सुटलं नाही. खरिपाची ज्वारी अजून पेरणारं एखादं घर माहेरी असेल तर तिथं चौकशी करा. सापडलं तर पिकल्या फळाचं बी नक्की ठेवा.

आता जपायचं ते. सगळ्यात आधी मोगली एरंड, म्हणजे चंद्रज्योत. शाळांच्या आणि शेतांच्या कुंपणाला लावलेली असते. तिच्या बियांची चव शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून पोरं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. महाराष्ट्रात अशा बातम्या सारख्या येत असतात. लाल-काळी गुंज दिसायला मोत्यासारखी, पण चावून खाल्ली तर जीवघेणी. धोतऱ्याचं काटेरी बोंड तर हातातही धरू देऊ नका. सीताफळाच्या बियाही अख्ख्या गिळल्या तर बहुधा तशाच बाहेर पडतात, पण चावायच्या नाहीत. उवांवर बियांची पूड लावायची जुनी रीत आहे, ती तर अजिबात नको. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. डोळ्यात गेलीच तर चोळू नये, भरपूर पाण्यानं धुवावं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं जावं.

शेवटी जागेचं. लातूर जिल्ह्यात वन म्हणावं असं क्षेत्र एक टक्काही नाही, त्यामुळं इथं शोधाशोध गायरानं, डोंगरकडा आणि बांधांवरच करावी लागते. अहमदपूर-उदगीरपासून मुखेड, कंधार, लोह्यापर्यंत बालाघाटाच्या उतारांवर जा. बांधावरचं झाड असेल तर शेतकऱ्याला विचारा. नाही म्हणणारा शेतकरी मला तरी अजून भेटलेला नाही, न विचारता तोडल्यावर काठी घेऊन आलेले मात्र दोन भेटले. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाणार असाल तर जंगलात शिरू नका. पैनगंगेच्या अभयारण्यातून काही तोडून आणायला बंदी आहे. बाहेरच्या किनवट-माहूर भागातल्या जंगलाची सीताफळं आणि आवळे ही गोंड, कोलाम, आंध कुटुंबांची कमाई आहे, आणि गौण वनोपजावर त्यांचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यानं मान्य केलेला आहे. रस्त्याकडेला त्यांच्या पाट्या मांडलेल्या असतात. तिथूनच घ्या आणि भाव करत बसू नका.

मुखेडच्या माळावर मात्र लेकरांना मनसोक्त हिंडू द्या. खाल्लेल्या फळांच्या बिया पिशवीत भरून लातूरच्या कचराकुंडीत आणू नका. पैज लावा आणि तिथंच थुंका.