मारियाना गर्तेची खोली नक्की किती?

प्रश्न : नातवाची प्रश्नमंजूषेची तयारी करून घेताना मीच गोंधळलो. जगातली सर्वांत खोल जागा म्हणजे पॅसिफिकमधली मारियाना गर्ता, इथपर्यंत ठीक. पण तिची खोली एका पुस्तकात ११,०३४ मीटर, दुसऱ्यात १०,९९४ आणि तिसऱ्यात १०,९३५ दिली आहे. गर्ता भरत चालली आहे की काय? आणि एवढ्या खोल पाण्यात मोजायला दोर तरी कुठून आणतात?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : गर्ता भरत चाललेली नाही. तळाशी गाळ साचतो खरा, पण साठ-सत्तर वर्षांत शंभर मीटर साचावा इतका नाही. बदलली आहे ती मोजण्याची रीत. पहिला आकडा १९५७ साली ‘वित्याझ’ या सोव्हिएत संशोधन जहाजाने दिला, दुसरा २०१०च्या अमेरिकी सर्वेक्षणातला आहे आणि तिसरा २०२१ साली प्रसिद्ध झाला. नातवाला तिसरा पाठ करायला सांगा. प्रश्नमंजूषेच्या उत्तरपत्रिकेत कोणता छापला असेल, याची हमी मात्र मी देत नाही.

आता दोराचं. लांब दोर मिळवणं ही अडचण कधीच नव्हती. खरी अडचण होती ती तळ लागल्याचं कळायचं कसं, ही. विहिरीत पोहरा सोडला की तो टेकल्याबरोबर दोर सैल पडतो आणि हाताला कळतं. उथळ समुद्रातही तसंच होतं, म्हणून खलाशी शतकानुशतकं शिशाचं वजन बांधलेला दोर सोडत आले. वजनाच्या बुडाला चरबी माखली की तिला वाळू चिकटून येई आणि तळ कसला आहे तेही समजे. पण चार-पाच किलोमीटर दोर पाण्यात गेला की त्याचं स्वतःचंच वजन भरमसाट होतं. शिसं तळाला टेकलं तरी वरचा दोर आपल्या भाराने आणि प्रवाहाच्या ओढीने सुटतच राहतो. वर उभा असलेला माणूस समजतो, अजून खोल आहे!

यातून मोठे घोळ झाले. १८५२ साली ‘हेरल्ड’ या ब्रिटिश जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये ७,७०६ फॅदम दोर सोडला. फॅदम म्हणजे साधारण आपली एक वाव. हिशेब केला तर ही खोली चौदा किलोमीटर भरते. एवढी खोल जागा अटलांटिकमध्येच काय, पृथ्वीवर कुठेच नाही. समुद्राला काही ठिकाणी तळच नसतो, या समजाला असल्या आकड्यांनी बळच मिळालं असणार.

उपाय दोन निघाले. अमेरिकी नौदलातल्या जॉन ब्रूक यांनी तोफेच्या गोळ्यातून एक दांडी आरपार घातली. तळाला टेकताच गोळा सुटून तिथेच राहायचा आणि हलकी दांडी चिमूटभर चिखल घेऊन वर यायची. चिखल आला म्हणजे तळ लागला, वादच नाही. दुसरा उपाय घड्याळाचा. ठरावीक लांबीचा दोर जायला किती वेळ लागतो ते टिपत राहायचं. वजन टेकलं की दोराचा वेग एकदम मंदावतो आणि तिथेच थांबायचं. १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या ‘चॅलेंजर’ जहाजाने असंच काम केलं. २३ मार्च १८७५ रोजी मारियाना बेटांच्या दक्षिणेला त्यांना ४,४७५ फॅदम, म्हणजे ८,१८४ मीटर खोली मिळाली. दोराने केलेली ही मोजणी आजही थक्क करते. मात्र गर्तेतल्या सर्वांत खोल जागेला ‘चॅलेंजर डीप’ म्हणतात म्हणून ती याच जहाजाने गाठली असं समजू नका. ती जागा १९५१ साली त्याच नावाच्या दुसऱ्या जहाजाला सापडली, तीही दोराने नव्हे, आवाजाने.

आवाजाची युक्ती सोपी आहे. जहाजाच्या बुडातून ध्वनी सोडायचा, तळावर आपटून प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजायचा, वेगाने गुणायचं आणि निम्मं करायचं. दोराच्या मोजणीला कित्येक तास लागत, इथे काही सेकंद. पहिल्या ‘चॅलेंजर’ने साडेतीन वर्षांत पाचशेहून कमी ठिकाणी खोल समुद्र मोजला होता. जर्मन ‘मीटिओर’ जहाजाने १९२५ ते १९२७ या काळात साठ हजारांहून अधिक वेळा मोजला.

तुमच्या तीन आकड्यांची गाठ इथेच आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, पण हा वेग पक्का नाही. पाणी गरम असेल, खारट असेल किंवा दाबाखाली असेल तर तो वाढतो. अकरा किलोमीटरच्या वाटेवर हे तिन्ही बदलत जातात. वेग एक टक्क्याने चुकला की खोली एकशे दहा मीटरने चुकते. ११,०३४ आणि १०,९३५ यांतलं अंतर त्याहून कमीच आहे! शिवाय ध्वनी खाली जाताना पसरतो आणि अरुंद गर्तेत तळाआधी बाजूच्या कड्याचा प्रतिध्वनी येऊन पोहोचू शकतो. म्हणूनच २०१०च्या आकड्यासोबत ‘चाळीस मीटर इकडे-तिकडे’ अशी कबुली जोडलेली आहे.

तिसरा आकडा दाबावरून काढलेला आहे. तळापर्यंत गेलेल्या पाणबुडीवरच्या दाबमापकांवरून खोलीचा हिशेब मांडला आणि ‘इकडे-तिकडे’चा फरक सहा मीटरवर आला. दाबाचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. तिथे हजार वातावरणांहून जास्त दाब असतो आणि त्याने पाणीही थोडं आवळतं. जानेवारी १९६०मध्ये झाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्ते’ यानातून पहिल्यांदा तळाला पोहोचले, तेव्हा मापकाने ११,५०० मीटरहून जास्त खोली दाखवली होती. मागाहून दुरुस्त केल्यावर ती १०,९१६ ठरली.

मग उपग्रहाने एकदाच सगळं का मोजत नाहीत, असं आता तुमच्या मनात येईल. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात फार खोल शिरत नाहीत. उपग्रह तळ पाहत नाही, समुद्राचा पृष्ठभाग पाहतो. पाण्याखाली डोंगर असेल तर त्याचं गुरुत्वाकर्षण आजूबाजूचं पाणी ओढून घेतं आणि वर काही मीटरचा फुगवटा येतो. त्यावरून डोंगराचा अंदाज बांधतात. पण लहान टेकड्या यात सुटतात, म्हणून जहाजं अजून फेऱ्या मारतातच. आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्राच्या तळाशी रमण रिज, पणिक्कर सीमाउंट आणि वाडिया गियो नावाचे उंचवटे आहेत. अशाच फेऱ्यांतून त्यांतले शेवटचे दोन गोव्यात दोना पावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधले. पणिक्कर हे या संस्थेचे पहिले संचालक.